कुलूप फुकटचं, किल्ली आपली

२०१६च्या पावसाळ्यात माझा कॉम्प्युटर बंद पडला. दुरुस्तीच्या दुकानात नेऊन दिला. चार दिवसांनी आणायला गेलो, तेव्हा काउंटरवरचा मुलगा, वीस-बावीस वर्षांचा, बोलायला गोड, पावती फाडता फाडता म्हणाला, ‘‘काका, तुमच्या बहिणीचं कोर्टाचं काम मिटलं का हो?’’

मी त्याच्याकडं बघतच राहिलो. त्याचं बोलणं कुचकट नव्हतं. उलट काळजीनं विचारल्यासारखं होतं. विंडोज नव्यानं टाकताना त्यानं माझ्या फायली दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवल्या होत्या, आणि त्या नीट उतरल्या की नाही हे बघायला एक-दोन उघडल्या होत्या. त्यात आपाचा पोटगीचा अर्ज होता, आणि वकिलाला द्यायचं तिचं निवेदनही. ते निवेदन आमच्या स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत बसून आपानं सांगितलं होतं आणि मी टाइप केलं होतं. त्यातल्या काही गोष्टी तिनं अम्मीलासुद्धा सांगितल्या नव्हत्या.

घरी आल्यावर आपाला सांगावं की नाही, यात दोन दिवस गेले. शेवटी सांगितलं. आमच्या घरात दखनी बोलतात. आपा फक्त एवढंच म्हणाली, ‘‘मेरे कागदां तेरे पास रखी थी ना मैं?’’ पुढं काही बोलली नाही. ओट्याकडं वळली आणि कांदा चिरायला लागली.

मी बी.ए. झालेला माणूस, तोही मराठी घेऊन. कॉम्प्युटर माझ्याकडं आला तो कविता टाइप करायला. त्यामुळं पुढं मी जे सांगणार आहे ते तज्ज्ञाचं बोलणं नव्हे. एका ठेच लागलेल्या माणसानं वाट विचारत विचारत गोळा केलेली माहिती, असंच तुम्ही ते समजा.

लोक विचारतात, ‘‘तुमच्याकडं लपवण्यासारखं आहे तरी काय?’’ माझं नाव ऐकून हाच प्रश्न थोड्या वेगळ्या सुरात विचारणारेही भेटतात. त्याची आता सवय झाली. प्रत्येक घरात एक ट्रंक असते. आमच्या अब्बांची होती, लोखंडी, हिरव्या रंगाची. तिच्यात काय होतं? जुनी पत्रं, घराचा उतारा, अम्मीच्या ऑपरेशनचे कागद, कुणाला तरी दिलेल्या हातउसन्या पैशांची चिठ्ठी. गुन्ह्याचं काहीच नाही. तरीही तिला कुलूप होतं, आणि त्या कुलपाबद्दल शेजाऱ्यांना कधी संशय आला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं. अब्बांना ते न सांगताच ठाऊक होतं.

आता, माझ्या कॉम्प्युटरला कुलूप नव्हतं का? मला वाटत होतं की आहे. सुरू करताना पासवर्ड लागायचा. शिवाय आपाच्या कागदांचा फोल्डर मी ‘हिडन’ करून ठेवला होता आणि त्याबद्दल मला थोडा अभिमानही होता. माझा भाचा, म्हणजे आपाचाच मुलगा, तेव्हा इंजिनिअरिंगला होता. तो म्हणाला, ‘‘मामू, हे कुलूप नाही, हा पडदा आहे.’’ त्यानं खिशातून एक पेन ड्राइव्ह काढला. त्यावर लिनक्स होतं. कॉम्प्युटर त्या पेन ड्राइव्हवरून सुरू केला आणि माझा पासवर्ड न विचारता सगळी डिस्क समोर मांडली. हिडन फोल्डरसकट. विंडोजचा पासवर्ड म्हणजे दारावर बसलेला शिपाई. तो दारातून येणाऱ्याला अडवतो. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली, म्हणजे भिंतच काढून नेली, तर शिपाई तिथंच बसून राहतो.

मग मी नेटवरून एक फुकटचं ‘फोल्डर लॉक’ करणारं सॉफ्टवेअर उतरवलं. छान होतं, फोल्डरवर पिवळ्या कुलपाचं चित्र यायचं. भाच्याच्या पेन ड्राइव्हपुढं तेही टिकलं नाही. आतले कागद जसेच्या तसे होते. फक्त त्यांच्याकडं जाणारी वाट झाकली होती. अशी सॉफ्टवेअरं ढिगानं मिळतात. त्यांतली पुष्कळशी नुसतं लपवण्याचं काम करतात आणि वर जाहिराती घुसवतात. म्हणून निवड करताना पहिला प्रश्न हाच विचारायचा: हे माझा कागद लपवतं की बदलतं?

कागद बदलणं म्हणजे काय, ते मराठी वाचकाला सांगायला परदेशात जायला नको. महानुभाव पंथानं चौदाव्या शतकापासून आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. अक्षराच्या जागी दुसरी खूण. पोथी हातात पडली तरी बाहेरच्याला ती वाचता येत नसे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांनी त्या लिप्यांचा उलगडा केला, आणि मराठी गद्याचं एक मोठं दालन उघडलं. बी.ए.ला हे शिकताना मला फक्त परीक्षेची काळजी होती. आता कळतं की त्या गोष्टीत एन्क्रिप्शनचे दोन्ही धडे आहेत. एक, नुसती खूण बदलली तर चिकाटीचा माणूस ती शोधून काढतो. बगदादच्या अल-किंदीनं नवव्या शतकातच लिहून ठेवलं होतं की भाषेत काही अक्षरं जास्त वेळा येतात, काही कमी वेळा, आणि त्या मोजणीवरून गुप्त लिपी फोडता येते. दुसरा धडा जास्त कडू आहे. कुलूप फार चांगलं लागलं आणि किल्ली जाणणारे उरले नाहीत, तर ऐवज आपल्याच माणसांना शेकडो वर्षं मिळत नाही. त्याच्याकडं मी नंतर येतो.

१८८३ साली ऑगुस्त केर्कहोफ्स नावाच्या गृहस्थानं एक नियम मांडला. हा माणूस मूळचा डच, पॅरिसमध्ये जर्मन शिकवणारा भाषेचा शिक्षक. म्हणून मला तो जवळचा वाटतो. त्याचं म्हणणं असं, की गुप्त लिहिण्याची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुपित फक्त किल्लीत असावं. आमच्या बाजारात रस्त्याकडेला किल्ल्या बनवणारा बसतो, त्याला कुठल्याही कुलपाची आतली रचना माहीत असते. तरी त्याला तुमचं कुलूप उघडायला किल्लीचे दात लागतातच.

आजची पद्धत याच नियमावर उभी आहे. तिचं नाव एईएस. अमेरिकेच्या मानक संस्थेनं त्यासाठी जगभरातून पद्धती मागवल्या. १५ आल्या, ५ शेवटच्या फेरीत राहिल्या, आणि ऑक्टोबर २०००मध्ये जोन डेमन आणि व्हिन्सेंट रेमन या दोन बेल्जियन संशोधकांची पद्धत निवडली गेली. तिची प्रत्येक पायरी छापून जगाला दिली आहे. त्याआधीची डीईएस ही १९७७ची पद्धत ५६ बिटांच्या किल्लीची होती. १९९८ साली एका खास बांधलेल्या यंत्रानं ती किल्ली ५६ तासांत शोधली. (५६ला ५६, कवीला असले योगायोग आवडतात.) एईएसची मोठी किल्ली २५६ बिटांची. अशा किल्ल्या किती होऊ शकतात, ती संख्या लिहायला ७८ आकडे लागतात. एकेक लावून बघत बसायचं काम यंत्राच्याही आवाक्यातलं नाही.

मग राहतं, यांतलं कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं. इंग्रजीत फुकट आणि मुक्त या दोन्हींना एकच शब्द आहे, त्यामुळं तिकडं घोळ होतो. आपल्याकडं शब्द वेगळे आहेत आणि ते वेगळेच ठेवावेत. फुकट म्हणजे पैसे नाहीत. मुक्त म्हणजे त्याचा मूळ मजकूर, ज्याला सोर्स कोड म्हणतात, तो कुणालाही वाचता येतो, तपासता येतो. तुम्ही-मी तो वाचणार नाही. पण वाचू शकणारी माणसं जगात आहेत आणि ती वाचतात. कुलपाच्या बाबतीत मला फुकटपेक्षा मुक्त महत्त्वाचं वाटतं. सुदैवानं चांगली कुलपं दोन्ही आहेत.

यांतल्या एका कुलपाची गोष्ट मोठी रंजक आहे. २००४ साली ट्रूक्रिप्ट नावाचं सॉफ्टवेअर आलं. ते लिहिणाऱ्यांनी आपली नावं सांगितली नाहीत. तरी ते जगभर पसरलं. ब्राझीलच्या पोलिसांनी जुलै २००८मध्ये एका बँकरच्या घरातून डिस्क जप्त केल्या. त्या कारवाईला त्यांनी ‘सत्याग्रह’ असं नाव दिलं होतं, आपला शब्द कुठं कुठं जाऊन पोचतो बघा. त्यांतल्या डिस्क ट्रूक्रिप्टनं बंद होत्या. तिथल्या तज्ज्ञांनी पाच महिने खटपट केली, मग अमेरिकेच्या एफबीआयनं वर्षभर केली. डिस्क उघडल्या नाहीत.

आणि मग २८ मे २०१४ रोजी ट्रूक्रिप्टच्या पानावर अचानक सूचना आली, की हे वापरणं सुरक्षित नाही, दुसरं काही वापरा. का, ते नीट सांगितलं नाही. लिहिणारे जसे अंधारातून आले तसे अंधारात गेले. त्याआधीच लोकांनी वर्गणी काढून या सॉफ्टवेअरची तपासणी सुरू केली होती. ती एप्रिल २०१५मध्ये पुरी झाली. मुद्दाम ठेवलेलं चोरदार सापडलं नाही, काही चुका मात्र सापडल्या. त्याच वर्षी विंडोजवरच्या ट्रूक्रिप्टमध्ये आणखी दोन गंभीर चुका निघाल्या, पण त्या दुरुस्त करायला मालकच राहिला नव्हता.

राहिला नव्हता म्हणजे, मूळ मालक. मूळ मजकूर उघडा असल्यामुळं मुनीर इद्रासी या प्रोग्रॅमरनं तो घेऊन २०१३मध्येच वेराक्रिप्ट सुरू केलं होतं. ट्रूक्रिप्टमधल्या त्या चुका त्यात दुरुस्त झाल्या. २०१६ साली त्याचीही बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी झाली. तपासणीत आठ गंभीर दोष निघाले, आणि त्यांतले बहुतेक लगेच पुढच्या आवृत्तीत काढले गेले. मला ही गोष्ट वाचून भीती वाटायच्या ऐवजी धीर आला. आमच्या कवींमध्ये उलट चाल आहे. दोष दाखवणाऱ्याशी आम्ही बोलणं सोडतो.

माझी निवड वेराक्रिप्टवर येऊन थांबली. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हींवर ते चालतं. वापर सांगतो. ते तुमच्या डिस्कवर एक फाइल तयार करतं, तिला कंटेनर म्हणतात. मी तिला पेटी म्हणतो. पेटी केवढी हवी ते आधीच सांगायचं. कविता आणि कागदपत्रांना दोन जीबी म्हणजे भरपूर, फोटो असतील तर जास्त. पद्धत एईएस, जी आधीच निवडलेली असते, तीच राहू द्यायची. मग पासवर्ड. त्यानंतर ते तुम्हाला खिडकीत माउस वाटेल तसा फिरवायला सांगतं. मला आधी हा पोरखेळ वाटला. पण तुमच्या हाताच्या या वेड्यावाकड्या हालचालींतूनच ते किल्लीसाठी बेभरवशाचे आकडे गोळा करतं. यंत्राला नियम पाळता येतात. नियम मोडण्यासाठी त्याला माणसाचा हात लागतो.

पेटी तयार झाली की ती ‘माउंट’ करायची. पासवर्ड दिला की कॉम्प्युटरमध्ये एक नवा ड्राइव्ह दिसतो, सी आणि डी असतात तसा. त्यात फायली ठेवा, उघडा, दुरुस्त करा. काम संपलं की बंद करा, ड्राइव्ह नाहीसा होतो. मागं उरते ती एकच फाइल, जिच्यात डोकावलं तर नुसता आकड्यांचा कचरा दिसतो. दुकानातल्या मुलानं ती कॉपी केली तरी त्याला आपाची ख्यालीखुशाली विचारता येणार नाही.

इथं बहुतेक जण एक चूक करतात, मीही केली. आपाचे कागद पेटीत टाकले आणि खूश झालो. पण ते मी कॉपी केले होते. मूळ प्रती जुन्या फोल्डरमध्ये तशाच होत्या. त्या पुसल्या, तर रिसायकल बिनमध्ये. तिथूनही पुसल्या, तरी पुसलेली फाइल परत आणणारी सॉफ्टवेअरं असतात. नव्या प्रकारच्या एसएसडी डिस्कवर तर एखादी फाइल खरोखर पुसली गेली याची हमी देणं कठीणच. म्हणून खासगी कागद सुरुवातीपासूनच पेटीत जन्माला घालावा, हे उत्तम. किंवा सगळी डिस्कच एन्क्रिप्ट करावी. त्यासाठी विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर असतं, मॅकवर फाइलव्हॉल्ट, लिनक्सवर लक्स. यांतलं लक्स मुक्त आहे. पहिली दोन त्या त्या कंपनीची आहेत, पण लॅपटॉप बसमध्ये विसरला किंवा चोरीला गेला तर चांगली उपयोगी पडतात. फक्त त्यांची रिकव्हरी किल्ली कुठं ठेवली जाते ते आधी बघा.

कधीमधी एखादा कागद ईमेलनं पाठवायचा असेल तर पेटी कशाला? इगोर पाव्लोव्ह यांचं सेव्हन-झिप पुरतं. तेही मुक्त, आणि एईएसचं कुलूप लावतं. फायलींची नावं झाकायची खूण वेगळी असते, ती करायला विसरू नका. नाहीतर आतला मजकूर बंद आणि वर ‘पोटगी अर्ज’ हे नाव उघडं. पासवर्ड त्याच ईमेलमध्ये लिहू नये, हे सांगायला लागतं, कारण मी एका वकिलाला तसं करताना बघितलं आहे. कागद गूगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी ठेवायचे असतील तर जर्मनीत तयार झालेलं क्रिप्टोमेटर बरं. ते प्रत्येक फाइल वेगळी बंद करतं, त्यामुळं एका कवितेत स्वल्पविराम बदलला म्हणून दोन जीबीची अख्खी पेटी पुन्हा वर चढवावी लागत नाही. कॉम्प्युटरवर ते फुकट आहे, फोनवरच्या पूर्ण वापराला पैसे पडतात.

आणि ज्यांच्याकडं ट्रूक्रिप्टच्या काळातली पेटी पडून आहे त्यांनी ही गोष्ट आजच करावी. वेराक्रिप्टच्या १.२६ पासूनच्या आवृत्त्या ट्रूक्रिप्टच्या पेट्या उघडत नाहीत. त्या उघडणारी शेवटची आवृत्ती १.२५.९. तिच्यातून जुनी पेटी उघडा, ऐवज नव्या पेटीत हलवा.

एन्क्रिप्शननं काय होत नाही, तेही सांगायला हवं. पेटी उघडी असते तेव्हा ती सगळ्यांनाच उघडी असते. कॉम्प्युटरमध्ये हेरगिरी करणारा व्हायरस शिरला असेल तर तो तुमच्या खांद्यावरून वाचतो, पासवर्ड टाइप करतानाही. मे २०१७मध्ये वॉनाक्राय नावाच्या साथीनं जगभरातल्या कॉम्प्युटरांवरच्या फायली याच एन्क्रिप्शनच्या विद्येनं बंद करून खंडणी मागितली. तुमची पेटी हीसुद्धा शेवटी एक फाइलच, तिच्यावर दुसरं कुलूप कुणीही लावू शकतो. म्हणून पेटीची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवायची, आणि ती डिस्क एरवी कपाटात. कायद्याचंही एक वाक्य: माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे सरकारी यंत्रणा ठरावीक कारणांसाठी कुलूप उघडून मागू शकते, आणि मदत नाकारली तर ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वेराक्रिप्टमध्ये पेटीच्या पोटात दुसरी गुप्त पेटी ठेवायची सोय आहे. घरच्या माणसानं तिच्या नादाला लागू नये. स्वतःच गोंधळण्याची शक्यता जास्त.

आता पासवर्ड. बाकी सगळं मजबूत असेल तर कुलूप फुटतं ते इथंच. जन्मतारीख ठेवणाऱ्यांनी हिशेब करावा: शंभर वर्षांत दिवस ३६,५२५. कॉम्प्युटरला ते चहा होईपर्यंत पुरत नाहीत. आवडत्या अभंगाची ओळ, शेर, सिनेमाचं गाणं, हेही नको. जे छापलंय ते सगळं फोडणाऱ्यांच्या यादीत असू शकतं. मी सुरुवातीला माझ्याच एका अप्रकाशित कवितेची ओळ ठेवली होती. भाचा म्हणाला, ‘‘मामू, तुमच्या कवितेत पाऊस आणि अंगण एकत्र येणारच, हे मलासुद्धा ठाऊक आहे.’’ टीका म्हणून हे मला लागलं, पण मुद्दा बरोबर होता. आम्ही आयुष्यभर एकमेकांशी नातं असलेले शब्द शोधतो. इथं नातं नसलेले शब्द हवेत, आणि ते माणसाला सुचत नाहीत. त्यासाठी फासा लागतो.

पद्धत अशी. शब्दांची क्रमांक घातलेली यादी घ्यायची आणि फासे टाकून शब्द उचलायचे. इंग्रजीत ७,७७६ शब्दांच्या अशा याद्या तयार आहेत, पाच फाशांसाठी. मी आणि भाच्यानं दोन रविवार बसून १,२९६ मराठी शब्दांची आमची यादी केली, चार फाशांसाठी. फासा लुडोचा. त्यातून सात शब्द उचलायचे. करवत, मोगरा, दमा, तराजू, ओसरी, फणस, बुधवार, असं काहीतरी निघतं. (हे उदाहरण आता छापलं, म्हणून बाद.) असे सात शब्द जितक्या प्रकारे निघू शकतात ती संख्या २२ आकडी आहे. आणि पाठ करायला कठीण नाहीत; दम्याचा रुग्ण ओसरीवर फणस तोलतोय, असं चित्र डोळ्यांपुढं आणलं की झालं. लिहायचे मात्र रोमन अक्षरांत. देवनागरीत एकच ‘ॲ’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. डोळ्याला सारखा, पण यंत्राला वेगळा. तुमच्या कीबोर्डवर लावलेलं कुलूप दुसऱ्याच्या कीबोर्डवर उघडेलच असं नाही.

इतकं सगळं शिकल्यावर मी गप्प बसलो असतो तर मराठी कवी कसला! मित्रांना सांगत सुटलो. त्यांतला एक फार जवळचा. आम्ही पहिल्या कविता एकाच हस्तलिखितात लिहिल्या. त्याच्या लॅपटॉपवर मीच वेराक्रिप्ट बसवून दिलं, पेटी करून दिली. पासवर्ड टाइप करताना मी पाठ फिरवून उभा राहिलो, तेव्हा तो हसला होता. तिसरा संग्रह त्यात ठेवतोय म्हणाला. पुरा झाल्याशिवाय कुणाला दाखवायचा नाही, तुलाही नाही.

एप्रिल २०२१मध्ये तो गेला. चार दिवसांत.

पावसाळ्यात वहिनी लॅपटॉप घेऊन आल्या. म्हणाल्या, ‘‘भाऊजी, तुम्हीच लावून दिलं होतं ना? आता उघडून द्या.’’ मी बसलो. मुलांची नावं, गावाचं नाव, त्याच्या पहिल्या संग्रहाचं नाव, लग्नाची तारीख. भाचा तोवर नोकरीला लागला होता. त्यानं शक्य वाटणाऱ्या शब्दांची यादी करून एक प्रोग्रॅम रात्रभर चालवला, मग आठवडाभर. पण वेराक्रिप्ट प्रत्येक पासवर्ड लगेच ताडून बघत नाही. आधी त्याला ५ लाख वेळा घुसळतं, मग किल्ली तयार करतं. खऱ्या मालकाला एक-दोन क्षण थांबावं लागतं. अंदाज करणाऱ्याला प्रत्येक अंदाजाला तेवढंच थांबावं लागतं. मित्राला हे समजावून सांगताना मी कौतुकानं सांगितलं होतं.

पेटी उघडली नाही. कंपनीला विचारावं, तर कंपनीकडं किल्ली नसते, हेच या कुलपाचं मोल. त्यातल्या कविता किती होत्या तेही आम्हाला माहीत नाही. त्यानं कधीतरी मला ईमेलनं पाठवलेल्या अकरा तेवढ्या आहेत. त्या मी छापून वहिनींना दिल्या. पेटीची एक प्रत माझ्या डिस्कवर ठेवली आहे. अधूनमधून एखादा शब्द आठवला की लावून बघतो.

त्यानंतर मी कुणालाही पेटी करून देताना आधी कागद आणि पेन आणायला सांगतो. पासवर्ड कागदावर लिहू नये असं आपण ऐकत आलो. ते ऑफिसात टेबलाला चिकटवणाऱ्यांसाठी ठीक. घरातल्या माणसाचा चोर नेटवर असतो, नाहीतर दुकानात. तो तुमच्या कपाटातलं पाकीट उघडायला येत नाही. सात शब्द स्वच्छ अक्षरात लिहावेत, पेटीची फाइल कुठं आहे, कुठल्या सॉफ्टवेअरची आहे, कोणत्या आवृत्तीची आहे तेही लिहावं, आणि पाकीट बंद करून ज्याच्यावर भरवसा आहे त्याच्याकडं द्यावं. वेराक्रिप्टच्या पेटीचा सुरुवातीचा एक छोटा भाग, ज्याला हेडर म्हणतात, तो बिघडला तर बरोबर पासवर्डही चालत नाही. त्याची वेगळी प्रत काढायची सोय टूल्समध्ये आहे. ती प्रतही बाहेरच्या डिस्कवर ठेवावी.

माझं पाकीट मी आपाला दिलं. तिची केस तोवर मिटली होती. तिनं पाकीट उलटसुलट करून पाहिलं, विचारलं, यात काय आहे? म्हटलं, किल्ली आहे, तुझेही कागद आत आहेत. अम्मीच्या पितळी पानदानात खालच्या कप्प्यात तिनं ते ठेवलं. दरवर्षी ईदच्या आधी घर आवरताना मी तिच्याकडून ते मागून घेतो, पेटी उघडते का बघतो, प्रत ताजी करतो, आणि परत देतो. मागच्या खेपेला तिनं ते देताना विचारलं, त्या कवीच्या बायकोची पेटी उघडली का रे?

मी नाही म्हणालो.